तोंड बंद ठेवायला दिलेले पैसे हा निवडणूक खर्च का?

आडवाटेचा (धागाकर्ता)

१० जानेवारी २०२५ ला न्यूयॉर्कच्या न्यायमूर्ती मर्चन यांनी ट्रम्प यांना 'बिनशर्त सुटका' ही शिक्षा सुनावली. ३४ आरोप, ३४ही सिद्ध. तुरुंग नाही, दंड नाही, काही नाही. त्यावर विनोद भरपूर झाले. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे आणि तो मला अजून सुटलेला नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये, मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना, ट्रम्प यांचे वकील मायकल कोहेन यांनी स्टॉर्मी डॅनियल्स यांना १,३०,००० डॉलर दिले. जुन्या संबंधांबद्दल बोलू नये म्हणून. तो ३४ आरोपांचा खटला ह्याच पैशांवरून. (असे काही संबंध होते हे ट्रम्प आजही नाकारतात.) रीतसर करार करून एखाद्याला गप्प राहण्याचे पैसे देणं हा अमेरिकेत गुन्हा नाही. मग त्यात निवडणूक निधीचा कायदा कुठून घुसला?

माझं मत सांगतो. हा खाजगी खर्च आहे. माणूस बायकोपासून लपवतो, मुलांपासून लपवतो, धंद्यातल्या लोकांपासून लपवतो. त्यातून निवडणुकीत फायदा झाला तर झाला. उमेदवाराने सभेआधी केस कापून घेतले, तर तो प्रचारखर्च धरायचा का?

उगाचच

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पहिल्या रांगेतली जागा माझी.

काळा कोट

प्रश्न चांगला आहे, पण दोन वेगळे प्रश्न त्यात एकमेकांत अडकलेत. पैसे कशासाठी दिले हा एक, आणि कोणी दिले हा दुसरा. अमेरिकन कायद्यात दुसऱ्यालाही तेवढंच महत्त्व आहे.

फेडरल निवडणुकीवर प्रभाव टाकण्याच्या हेतूने कोणी काहीही मोलाचं दिलं, तर ती देणगी. २०१६ मध्ये एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी २,७०० डॉलरपर्यंतच देता येत होते. कंपन्यांना तर थेट उमेदवाराला काहीच देता येत नाही, ही बंदी १९०७ पासूनची आहे. उमेदवाराने स्वतःचे पैसे कितीही घालावेत. १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलेओ निकालापासून त्याला मर्यादा नाही. फक्त ते हिशेबात दाखवावे लागतात.

आता बघा. १,३०,००० डॉलर आधी ट्रम्प यांच्या खिशातून गेलेच नव्हते, कोहेन यांच्या गेले होते. ती देणगी ठरली तर मर्यादेच्या ४८ पट. ट्रम्प यांच्याशी संबंध होते असं सांगणाऱ्या दुसऱ्या बाई, कॅरन मॅकडूगल, यांना १,५०,००० डॉलर दिले ते 'नॅशनल एन्क्वायरर'च्या मालक कंपनीने, अमेरिकन मीडियाने. ती देणगी ठरली तर एक डॉलरही चालला नसता.

ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी स्वतःचा चेक फाडला असता आणि प्रचाराच्या हिशेबात दाखवला असता, तर मर्यादेचा भंग शून्य. पण दडवण्यासाठी दिलेले पैसे जाहीर हिशेबात दाखवायचे कसे? सगळी गोम इथे आहे.

आणि केस कापण्याबद्दल: कसोटी अशी आहे की तुम्ही उमेदवार नसतात तरी तो खर्च झाला असता का? झाला असता, तर खाजगी. केस सगळेच कापतात.

मिसेस खमंग

आमच्या ह्यांच्याकडे बघता केस सगळेच कापतात हे विधान पुराव्याअभावी फेटाळण्यात येत आहे.

टेक्सासची ताई

@काळा कोट, कसोटी बरोबर सांगितलीत, पण ती तुमच्याच विरोधात जाते. ट्रम्प उमेदवार नसते तर त्यांनी हे केलं नसतं, असं म्हणायचंय का तुम्हाला? टीव्हीवरचा प्रसिद्ध माणूस, इमारतींवर स्वतःचं नाव. असे लोक असल्या भानगडी पैसे देऊन मिटवतच असतात. स्टॉर्मी डॅनियल्सची ही गोष्ट २०११ मध्येच एका वेबसाइटवर आली होती आणि नंतर ती काढली गेली. तेव्हा कुठे होती निवडणूक?

दुसरं. हा खर्च प्रचाराचा मानला, तर उद्या प्रत्येक उमेदवार लोकांनी दिलेल्या देणग्यांतून असले पैसे देईल आणि म्हणेल, "हा तर प्रचारखर्चच आहे, कायदाच सांगतो." ते चालेल का तुम्हाला? ब्रॅडली स्मिथ हे अमेरिकेच्या निवडणूक आयोगाचे माजी अध्यक्ष किती दिवस हेच सांगत होते. त्यांना ज्युरीपुढे हे मोकळेपणाने सांगू दिलं नाही. मी ट्रम्प यांना मत दिलंय, हे लपवत नाही. पण हा मुद्दा त्यांच्यापुरता नाही.

काळा कोट

ताई, २०११ चा दाखला तुम्हीच दिलात ते बरं झालं. तेव्हा पैशांचा करार झाला नाही. बातमी दाबली, पण १,३०,००० डॉलर देऊन नाही. भेट २००६ सालची असल्याचं डॅनियल्स सांगतात. मधली दहा वर्षं त्या गोष्टीला एवढी किंमत नव्हती. ७ ऑक्टोबर २०१६ ला ट्रम्प बायकांबद्दल अश्लील बोलतानाची 'अ‍ॅक्सेस हॉलीवूड'ची ती टेप बाहेर आली आणि त्याच महिन्यात किंमत ठरली. कोहेन यांची साक्ष अशी होती की पैसे द्यायला मुद्दाम उशीर करायचा होता, कारण निवडणूक होऊन गेली की बातमीचं महत्त्वच उरणार नव्हतं. बायकोपासून लपवायचं असेल तर ८ नोव्हेंबरनंतर महत्त्व का संपावं?

स्मिथ यांच्याबद्दल: कायदा काय आहे हे ज्युरीला न्यायाधीश सांगतात, तज्ज्ञ नाही. दोन्ही बाजूंना हाच नियम. त्यांच्या साक्षीवर मर्यादा घातली, मग बचाव पक्षाने त्यांना बोलावलंच नाही.

देणग्यांतून पैसे देण्याचा तुमचा मुद्दा मात्र खरंच अडचणीचा आहे. त्याला चोख उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

रॅलेकर

केस कापण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण आमच्या नॉर्थ कॅरोलायनात हा खटला केस कापण्यापासूनच सुरू झाला होता. विनोद नाही करत.

जॉन एडवर्ड्स, आमचे सिनेटर, २००४ चे उपाध्यक्षपदाचे उमेदवार. २००८ साठी अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले. २००७ मध्ये त्यांच्या प्रचाराच्या हिशेबात ४०० डॉलरची दोन केशकर्तनं सापडली. गरिबांचा कैवारी म्हणवणारा माणूस आणि हजामत ४०० डॉलरची! देशभर हसं झालं. एडवर्ड्सनी पैसे परत केले.

तिकडे व्हर्जिनियात बनी मेलन नावाच्या अतिश्रीमंत वृद्ध बाई होत्या, नव्वदीच्या पुढच्या, एडवर्ड्सवर अपार माया. त्यांना ह्या टिंगलीचा संताप आला. त्यांनी एडवर्ड्सच्या मदतनिसाला, अँड्र्यू यंगला, कळवलं की यापुढे केस कापण्याची आणि प्रचारासाठी लागणारी असली बिलं थेट माझ्याकडे पाठवत जा, म्हणजे सरकारी निर्बंधांविना आपल्या मित्राला मदत होईल. ही चिठ्ठी पुढे सरकारी पक्षाचा पुरावा झाली.

मग रिएल हंटर प्रकरण आलं. प्रचाराचे व्हिडिओ बनवणाऱ्या बाई, एडवर्ड्सपासून दिवस गेलेले, आणि एडवर्ड्सच्या पत्नी एलिझाबेथ कॅन्सरने आजारी. यंगने 'मूल माझं आहे' असं जाहीर करून टाकलं! स्वतःची बायको-मुलं घरात असताना. हंटरबाईंना लपवून ठेवायला मेलन यांच्याकडून ७,२५,००० डॉलर आले आणि फ्रेड बॅरन या दुसऱ्या देणगीदाराकडून आणखी. मेलन यांचे चेक एका इंटीरियर डेकोरेटरमार्फत फिरवले जायचे, आणि चेकवर कारण लिहिलेलं असायचं: खुर्च्या, जुनं टेबल वगैरे.

२०१२ मध्ये ग्रीन्सबरोला खटला चालला. एडवर्ड्सचा बचाव धागाकर्त्यांच्या मताशी शब्दाला शब्द जुळणारा: "मी पापी आहे, गुन्हेगार नाही, हे सगळं बायकोला कळू नये म्हणून होतं." ज्युरी कित्येक दिवस खल करत बसली. ३१ मे २०१२ ला सहापैकी एका आरोपातून निर्दोष, उरलेल्या पाचांवर एकमत नाही. सरकारने पुन्हा खटला भरला नाही.

मिसेस खमंग

खुर्चीसाठी पैसे आणि चेकवर लिहिलं 'खुर्ची'. इतका प्रामाणिक हिशेब करणाऱ्यांवर खटला? 😂

उगाचच

@रॅलेकर, त्या यंगच्या बायकोला तुमच्या राज्याने काही पुरस्कार दिला का?

रॅलेकर

पुरस्कार कसला, मेलन यांचे चेक वटायचे ते तिच्याच माहेरच्या नावाने. पुढे नवरा-बायको दोघंही साक्षीला उभी राहिली.

नाना न्यूजर्सी

एडवर्ड्स डेमोक्रॅट, त्यामुळे आता दोन्ही पक्षांची फिटंफाट झाली, भांडायला मोकळे. 😀

आणखी एक नमुना देतो, हे रिपब्लिकन. नेवाडाचे सिनेटर जॉन एन्साइन. स्वतःच्याच कर्मचाऱ्याच्या बायकोशी संबंध, ती पण त्यांच्या प्रचाराच्या कामात. २००८ मध्ये ती दोघं नोकरीतून बाहेर पडली तेव्हा त्या कुटुंबाला ९६,००० डॉलर मिळाले. दिले कोणी? एन्साइन यांच्या आई-वडिलांनी. बारा-बारा हजारांचे चेक. सीए मंडळी ओळखतील बारा हजारच का ते. फेडरल इलेक्शन कमिशनने, म्हणजे एफईसीने, 'आई-वडिलांनी दिलेली भेट' हे स्पष्टीकरण मान्य करून तक्रार निकालात काढली. पुढे सिनेटच्या नैतिकता समितीने खोदकाम केल्यावर चित्र वेगळं दिसलं; त्याआधीच, मे २०११ मध्ये, साहेब राजीनामा देऊन घरी गेले होते.

चाळिशी-पन्नाशीतल्या पोराच्या लफड्याचे पैसे आई-बाबा भरतात! आमच्या तीर्थरूपांनी गणपतीची वर्गणी सुद्धा माझ्याकडून वसूल केली.

सीए सातारकर

नाना, बारा हजार म्हणजे त्या वर्षीची गिफ्ट टॅक्सची माफीची मर्यादा. एका माणसाने एका माणसाला वर्षात तेवढं दिलं तर कर नाही. ज्याने चेक लिहिले त्याच्या शेजारी कुणीतरी आमच्या जातीचा बसला होता हे नक्की.

आता मूळ प्रकरणाकडे. सगळे कायद्यावर बोलतायत, मला त्या खटल्यातली वह्यांची बाजू जास्त आवडली. ट्रम्पतात्यांवर खटला निवडणूक निधीचा नव्हताच! खटला होता धंद्याच्या नोंदी खोट्या केल्याचा. ३४ आकडा कसा आला बघा: कोहेन यांची ११ बिलं, खतावणीतल्या १२ नोंदी, ११ चेक. बेरीज करा. बिलं आणि चेक अकराच का, तर जानेवारी-फेब्रुवारी २०१७ चे मिळून पहिला चेक ७०,००० चा निघाला, पुढे दरमहा ३५,०००.

पण १,३०,००० चे ४,२०,००० झाले कसे? पुराव्यात एक कागद होता, माझ्या मते अख्ख्या खटल्यातला सर्वात बोलका. कोहेन यांच्या शेल (नावापुरत्या) कंपनीचं ऑक्टोबर २०१६ चं बँक स्टेटमेंट, आणि त्याच्याच मोकळ्या जागेत ट्रम्प कंपनीचे वित्तप्रमुख अ‍ॅलन वायसलबर्ग यांच्या हाताने केलेला हिशेब. १,३०,००० अधिक आणखी एका कामाचे ५०,०००, झाले १,८०,०००. त्याची दुप्पट ३,६०,०००. त्यात बोनस ६०,०००. भागिले बारा. दरमहा ३५,०००.

दुप्पट का? इथे मेख आहे. खर्चाची भरपाई करून दिली तर घेणाऱ्याचं ते उत्पन्न नाही, त्यावर कर नाही. पण ती 'वकिलाची फी' म्हणून दाखवायची ठरली, म्हणजे कोहेन यांच्या हातात ते उत्पन्न झालं, अर्धं करात जाणार. म्हणून आधीच दुप्पट द्यायचं. आमच्या भाषेत ग्रॉस-अप. आता सांगा, कंजूष म्हणून ख्याती असलेला धंदेवाईक माणूस १,८०,००० च्या जागी ३,६०,००० का देईल? नोंदीत खरं कारण लिहायचं नव्हतं म्हणून. बिलांवर 'रिटेनर करारानुसार' (वकील बांधून ठेवण्याचा करार) असं लिहिलेलं, आणि असा करार कुणाला दाखवताच आला नाही.

तो ५०,००० चा किस्सा राहिला. ते एका तंत्रज्ञान कंपनीला द्यायचे होते, ऑनलाइन मतचाचण्यांत तात्यांना वर ढकलल्याबद्दल. कोहेन यांनी त्या माणसाला कागदी पिशवीतून साधारण २०,००० रोख दिले आणि ५०,००० लावले. उलटतपासणीत कबूल केलं. म्हणजे मालकाने त्या ३०,००० चा पण ग्रॉस-अप करून दिला. 😄

मिसेस खमंग

सातारकर, तुमचा प्रतिसाद वाचून ह्यांनी घरखर्चाची वही कपाटात ठेवून कुलूप लावलंय.

टेक्सासची ताई

छान समजावलंत, पण ह्यातूनच माझा आक्षेप पक्का होतो. खोटी नोंद हा न्यूयॉर्कमध्ये किरकोळ गुन्हा. तो गंभीर कधी होतो? दुसरा गुन्हा करण्याच्या किंवा झाकण्याच्या हेतूने नोंद खोटी केली तर. दुसरा गुन्हा कोणता? न्यूयॉर्कचा निवडणूक कायदा, कलम १७-१५२, 'बेकायदा मार्गाने' कुणाला निवडून आणण्याचा कट. तो पण किरकोळच! आणि बेकायदा मार्ग कोणता? तर तीन पर्याय: फेडरल निवडणूक निधी कायद्याचा भंग, इतर खोट्या नोंदी, किंवा कराच्या नियमांचा भंग. तीनपैकी कोणता, यावर बारा जणांचं एकमत होण्याची गरज नाही असं ज्युरीला सांगितलं. चौघांनी हा धरला, चौघांनी तो, चौघांनी तिसरा, तरी दोषी.

म्हणजे 'हा निवडणूक खर्च होता का' ह्याचं उत्तर ज्युरीने दिलं असं कुणी म्हणत असेल, तर दिलेलं नाही.

बातमीदार निवृत्त

तुम्ही सगळे कोहेनवर अडकलात. मला त्या मासिकवाल्याचं वागणं जास्त घृणास्पद वाटतं. डेव्हिड पेकर, 'एन्क्वायरर'चे प्रकाशक. ऑगस्ट २०१५ मध्ये ट्रम्प टॉवरमध्ये बैठक झाली आणि ह्यांनी कबूल केलं की आम्ही तुमचे डोळे-कान होऊ. वाईट बातमी कुठे फिरतेय दिसली की कळवू. मग काय करायचं, तर ती बातमी विकत घ्यायची आणि छापायचीच नाही. तिकडे ह्याला 'कॅच अँड किल' म्हणतात.

कायद्यात वृत्तपत्रांना सवलत आहे. बातमी, अग्रलेख, मुलाखत ह्यांचा खर्च देणगी धरत नाहीत, नाहीतर प्रत्येक अग्रलेखावर खटला झाला असता. पण ती सवलत पत्रकारितेला आहे, पत्रकारिता न करण्याला नाही. कंपनीने सरकारी वकिलांशी समझोता करताना मान्य केलं की बातमी दाबणं आणि निवडणुकीवर तिचा परिणाम होऊ न देणं हाच मुख्य हेतू होता. २०२१ मध्ये एफईसीने त्यांना १,८७,५०० डॉलर दंड केला. ताई, उत्तर कुणीच दिलं नाही असं नाही.

महाराष्ट्रात २००९ साली आम्ही ह्याचं उलटं रूप पाहिलं. तिथे पैसे देऊन बातमी मारायची, इथे पैसे घेऊन छापायची. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कौतुकाच्या 'अशोकपर्व' पुरवण्या आठवतात? वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत तोच मजकूर, काना-मात्रेचा फरक नाही. मी तेव्हा डेस्कवर होतो; दुसऱ्या पेपरातलं पान आणि आमचं पान शेजारी ठेवून उपसंपादक पोरं हसत होती. प्रश्न तोच आला: ह्या मजकुराचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरायचा का? निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये अशोक चव्हाणांना नोटीस काढली, दिल्ली उच्च न्यायालयाने दोन महिन्यांत ती रद्द केली.

उगाचच

निवडणूक खर्चाबद्दल खरं बोललेला नेता एकच. २०१३ मध्ये गोपीनाथराव मुंडे भर सभेत बोलून गेले, मागच्या निवडणुकीला ८ कोटी लागले. मर्यादा होती २५ लाख. आयोगाची नोटीस लगेच हजर.

चिमणराव_८८

हे असं असताना आपण अमेरिकेच्या नैतिकतेवर काथ्याकूट करतोय. इथे मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटं वाटतात, त्यावर धागा काढा की. अमुक पक्षाचं नाव घेतलं की इथले लोक

(उर्वरित मजकूर काढला आहे. – संपादक मंडळ)

संपादक मंडळ

देशी पक्षांची धुणी धुवायला दुसरे धागे आहेत. हा धागा विषयावर राहू द्या.

आडवाटेचा

संपादकांचा मान राखून एकच देशी शंका, कायद्यापुरती: असं प्रकरण आपल्याकडे झालं तर?

काळा कोट

थोडक्यात. आपला १९५१ चा कायदा, कलम ७७: अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा, निवडणुकीच्या संबंधातला खर्च उमेदवाराने दाखवायचा. लोकसभेला मोठ्या राज्यांत मर्यादा ९५ लाख. म्हणजे अर्ज भरायच्या आदल्या दिवशी पैसे दिले, तर विषयच संपला. आणि व्यक्तीने उमेदवाराला किती द्यावेत ह्यावर अमेरिकेसारखी कमाल मर्यादा नाही. कोहेनसारख्या वकिलाला इथे निवडणूक कायद्याखाली पकडणं जवळजवळ अशक्य.

आता ताई आणि बातमीदार दोघांना एकत्र. दोघांचंही बरोबर आहे, आणि हीच ह्या विषयातली गंमत आहे. हा प्रश्न भरल्या न्यायालयात, दोन्ही बाजू ऐकून, सरळ निकालात निघालाय असं एकही प्रकरण ह्या धाग्यात आलेलं नाही. एडवर्ड्स: ज्युरीचं एकमत नाही. एन्साइन: एफईसीने तक्रार बंद केली. कोहेन: २१ ऑगस्ट २०१८ ला गुन्हा कबूल, त्यात डॅनियल्स आणि मॅकडूगल ह्या दोघींच्या पैशांचे दोन आरोप होते, पण त्यांच्या डोक्यावर करचुकवेगिरीच्या केसही टांगल्या होत्या; कबुली म्हणजे निकाल नाही. अमेरिकन मीडिया: समझोता आणि दंड, न्यायालय नाही. ट्रम्प यांच्याविरुद्धची तक्रार एफईसीपुढे २०२१ मध्ये आली; आयोगाच्या स्वतःच्या वकिलांनी पुढे जा म्हटलं, मतं पडली दोन विरुद्ध दोन, आणि फाइल बंद. सहा सभासद, एका पक्षाचे तीनच, आणि निर्णयाला चार मतं लागतात. तीन पायांची शर्यत लावून दिल्यासारखी रचना आहे ही. आणि न्यूयॉर्कचा खटला ताईंनी सांगितलाच, तीन पर्यायांतला एक.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मॅकडूगल प्रकरणात भंग स्पष्ट आहे, कारण कंपनीनेच हेतू लिहून दिला. डॅनियल्स प्रकरणात मला तो ६०-४० वाटतो. एडवर्ड्स प्रकरणात उलट, ४०-६०. तिथे बायको खरंच आजारी होती आणि पैसे शर्यत सोडल्यावरही येत राहिले होते.

टेक्सासची ताई

४०-६० हे गुन्हेगारी कायद्यात 'निर्दोष' असतं, वकीलसाहेब. ६०-४० सुद्धा.

काळा कोट

मान्य. म्हणूनच 'मला वाटतो' म्हणालो, न्यायाधीशाच्या खुर्चीत नाही बसलो.

आडवाटेचा

एवढं वाचून मला खटकतंय ते असं. आपण सगळे हेतू एकच असतो असं धरून चाललोय. होप हिक्स यांची साक्ष आठवा, ट्रम्प यांच्या जवळच्या माणसाची, विरोधकाची नाही. त्यांनी सांगितलं की मॅकडूगलची बातमी छापून आली तेव्हा पत्नीला काय वाटेल ह्याची ट्रम्प यांना काळजी होती, आणि त्या सकाळी घरात वर्तमानपत्रं पोचू देऊ नका असं त्यांनी सांगितलं होतं. त्याच साक्षीत, त्याच बाईंनी हेही सांगितलं की डॅनियल्सची गोष्ट निवडणुकीआधी बाहेर आली असती तर वाईट झालं असतं, असं ट्रम्प यांचं मत होतं. मग एकाच पैशात दोन्ही हेतू असतील तर?

काळा कोट

एडवर्ड्सच्या न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं होतं की निवडणुकीवर प्रभाव हा एकमेव हेतू असण्याची गरज नाही, माणूस क्वचितच एका कारणाने काही करतो. बचाव पक्षाला हेतू एकच हवा होता. ब्रॅडली स्मिथ यांची मांडणी तर अशी की देणाऱ्याच्या मनात शिरायचंच नाही. खर्चाचा प्रकार बघायचा, तो प्रकार उमेदवार नसलेल्या माणसाचाही असू शकतो का एवढंच. ह्या तिन्हींतला कोणता नियम धरता त्यावर तुमचं उत्तर ठरतं.

नाना न्यूजर्सी

ह्या सगळ्यात कोहेनच्या घरची बाजू कुणी बघेल का? त्याने ते पैसे घरावर कर्ज काढून उभे केले, बायकोला कळू न देता. म्हणजे मालकाचं लफडं मालकाच्या बायकोपासून लपवायला नोकराने स्वतःच्या बायकोपासून कर्ज लपवलं. मी हे वाचून आमच्या हिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शांतपणे विचारलं, "आपल्या घरावर किती आहे?"

उगाचच

बरं, सगळ्यांचं झालं असेल तर फुकटचा सल्ला द्या. तात्यांनी नेमकं काय करायला हवं होतं?

सीए सातारकर

सोपं आहे. स्वतःच्या खात्यातून १,३०,००० चा एकच चेक, नोंद 'खाजगी तडजोड'. कंपनीच्या वह्यांना हात लावायचा नाही. ना ग्रॉस-अप, ना बारा हप्ते, ना खोटी बिलं. पैसेही वाचले असते आणि ३४ आरोपांतला एकही उभा राहिला नसता. डेनिस हॅस्टर्ट आठवा, अमेरिकन प्रतिनिधीगृहाचे माजी सभापती. जुनं पाप झाकायला लाखो डॉलर दिले, आणि पकडले गेले कशात? बँकेचा रिपोर्ट जाऊ नये म्हणून १०,००० च्या आतल्या रकमा काढत राहिले त्यात. पंधरा महिने आत. पैसे देणं माणसाला बुडवत नाही हो, नोंद बुडवते.

टेक्सासची ताई

आणि एफईसीचं काय? एकाच चेकने दिले असते तरी 'प्रचाराच्या हिशेबात का नाही दाखवले' हा प्रश्न राहतोच ना. म्हणजे मूळ प्रश्न जिथल्या तिथे.

काळा कोट

राहतो. तक्रार झाली असती, आयोगाच्या वकिलांनी अहवाल दिला असता, मतं समसमान पडली असती. मे २०२५ मध्ये केली असती तर तेवढंही झालं नसतं. तेव्हा एफईसीकडे निर्णय घ्यायला लागतात ते चार सभासदच उरले नव्हते, तक्रारी नुसत्या घेऊन ठेवायच्या.

नाना न्यूजर्सी

म्हणजे आमच्या सोसायटीच्या कमिटीचंच चाललंय म्हणा.